गुरुदासने पुसलेले आकडे

पेडण्याच्या बाजारात कुणाचा कॉम्प्युटर रुसला की मालक आधी स्विच बंद करून चालू करतो, मग देवाचं नाव घेतो आणि मग गुरुदासला फोन लावतो. पंचायतीचं मशीन असो, औषधांच्या दुकानातला प्रिंटर असो, नाहीतर कुणाच्या दुबईहून आलेल्या भावाचा लॅपटॉप असो, गुरुदास स्कूटर काढून हजर. बसा म्हटलं तरी बसायचा नाही. उभ्याउभ्याच कीबोर्डवर हात टेकून विचारायचा, "हाका हात कोणे लायलो?" यंत्र आपणहून कधी बिघडत नाही, कुणीतरी शहाणपणा करायला जातं म्हणून बिघडतं, अशी त्याची पक्की समजूत. शंभरातल्या नव्वद वेळा ती खरी निघायची, त्यामुळे स्वारी आणखीच चढून बसली होती.

ही समजूत काही पुस्तकातून आलेली नव्हती. डिचोलीकडच्या एका खाणीच्या वजनकाट्यावर त्याने बारा वर्षं कॉम्प्युटर चालवला होता. भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, वजन पडद्यावर यायचं, त्यातून रिकाम्या ट्रकचं वजन वजा व्हायचं, पावती निघायची, की पुढचा ट्रक. मशीन पाच मिनिटं अडलं तर मागे लांबलचक रांग, हॉर्न आणि ड्रायव्हरांच्या शिव्या. तिथे इंटरनेट नव्हतं आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणून चालत्या गोष्टीला बोट लावायचं नाही हे तो शिकला, आणि आकडे पाठ ठेवायलाही शिकला. कुठला प्रोग्राम कितव्या आवृत्तीचा, कुठल्या सीडीला कुठला नंबर लागतो, दीडशे ट्रकांपैकी कुणाचं रिकामं वजन किती, सगळं त्याच्या डोक्यात. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणाअंगणात गंजत उभे राहिले, आणि गुरुदासला पेडण्यातल्या एका हायर सेकंडरीच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये इन्स्ट्रक्टरची जागा मिळाली. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. मुलं त्याला 'सर' म्हणू लागली. हे 'सर' उशिरा आणि कष्टाने मिळालेलं असल्यामुळे ते कुणी विसरलेलं त्याला अजिबात खपत नसे.

लॅबमध्ये वीस मशिनं होती. सुट्टीत गुरुदास खिडकीजवळचं एकच मशीन घ्यायचा आणि तीन दिवस खपून त्यावर सगळं बसवायचा. पायथन ही कोड लिहायची भाषा, तिची पॅकेजं म्हणजे आयते तयार प्रोग्राम, मुलांना लागेल ते सगळं. ते मनासारखं चालू लागलं की त्याची नक्कल पेनड्राइव्हवर घेऊन उरलेल्या एकोणीस मशिनांवर उतरवायचा. याला तो 'विरजण लावणं' म्हणायचा. एक वाटी चांगली असली की वीस भांडी लागतात, असा त्याचा हिशेब. या कामात त्याच्या शेजारी उंच स्टुलावर बसायला एकच माणूस असायचं, त्याची मुलगी गौरवी. पाचवीत होती तेव्हापासून. ती प्रश्न विचारायची आणि तो उत्तरं द्यायचा. आयुष्यात आपल्याला एवढे प्रश्न कुणी विचारले नाहीत, आणि एवढं कौतुकाने उत्तर कुणी ऐकलं नाही, हे गुरुदासला पुरेपूर ठाऊक होतं. बायकोलाही ठाऊक होतं. शालिनी म्हणायची, चेडवाक विचारूंक येता आणि ह्यांकां सांगूंक येता, दोगांचें बरें चलता.

गौरवी बारावी झाली आणि म्हापशाच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या पदवीला गेली. पहिलं वर्ष ठीक गेलं. दुसऱ्या वर्षी घरात एक नवं माणूस शिरलं. ते प्रत्यक्ष कधी आलं नाही, पण रोज जेवायच्या वेळी हजर असायचं. सुविधा मॅम.

सुविधा मॅम मये गावची, वय तीसच्या आतबाहेर. कॉलेजात नवीन लागलेली. हे सगळं गुरुदासला पाठ झालं होतं, कारण गौरवीच्या तोंडी दुसरा विषयच नव्हता. मॅम म्हणतात कोड असा लिहायचा. मॅम म्हणतात चूक आली की आधी ती शेवटपर्यंत वाचायची. हे दुसरं तर गुरुदास तिला आठवीपासून सांगत आला होता! पण तेव्हा ते पप्पांचं बोलणं होतं, घरातलं, फुकटचं. आता मॅमच्या तोंडून आलं म्हणून त्याला किंमत आली. गुरुदास नुसता भात कालवत राहायचा. त्याच्या पोटात दुखत होतं, साध्या मराठीत सांगायचं तर तो जळत होता. पन्नाशीला आलेला बाप मुलीच्या मास्तरणीवर जळतो हे त्याला स्वतःलाही लाजिरवाणं वाटायचं, पण म्हणून जळणं काही थांबत नव्हतं.

एका सोमवारी जेवताना गौरवी म्हणाली, "पप्पा, मॅम म्हणतात, सगळीं पॅकेजां एकाच जाग्यार घालप बरें न्हय."

"कित्या? म्हज्या लॅबांत वीस मशिनां चलतात न्हय?"

"चलतात, पूण सगळ्यांचें काम एकच. दोन प्रोजेक्ट आसले, एकाक जुनें पॅकेज जाय आनी दुसऱ्याक नवें, मगीर कितें करतले?"

गुरुदास काही बोलायच्या आत शालिनी वाढता वाढता म्हणाली, "म्हणजे आमचीं शिवराक भांडीं वेगळीं आनी नुस्त्याचीं वेगळीं, तशें?"

"आई! बरोबर तशेंच!" गौरवी टाळ्या पिटायचीच बाकी होती. सोमवारची, एकादशीची शाकाहारी कढई आणि डाव घरात वेगळे असतात. नुस्त्याच्या, म्हणजे मासळीच्या भांड्यात त्या दिवशीचं काही शिजत नाही. तसं प्रत्येक प्रोजेक्टचं आपलं एक एन्व्हायर्नमेंट, म्हणजे आपली चूल आणि आपली भांडी. एकाचा वास दुसऱ्याला लागत नाही. आणि बरोबर एक यादी ठेवायची, कुठलं पॅकेज, कितव्या आवृत्तीचं, अगदी आकड्यासकट. उद्या दुसऱ्या मशीनवर जायचं झालं तर ती यादी मशीनला द्यायची, की तिथे हीच चूल जशीच्या तशी मांडली जाते.

हे सगळं गौरवीने नीट समजावून सांगितलं, पण गुरुदासने त्यातलं अर्धंच ऐकलं. पहिली चूल-भांडी ऐकली. यादीचं सांगत होती तेव्हा तो बायकोकडे बघत होता. आयुष्यात माउसला हात न लावलेली शालिनी, तिलासुद्धा ही मॅम समजते, आणि आपल्यालाच काय ते शिकवायची पाळी आली! तो "ताक दी" म्हणाला आणि विषय संपवला.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट आलं. गौरवीने ठरवलं होतं की माडाचा फोटो काढायचा आणि प्रोग्रामने झाडावरचे नारळ मोजायचे, म्हणजे बागायतदाराला नारळ पाडणारा पाडेली वर चढायच्या आधीच अंदाज यावा. गुरुदासला कल्पना फार आवडली. "लॅपटॉप हाड हांगा, हांव बसयतां," म्हणाला. गौरवीने दिला. त्याने शनिवार-रविवार खपून आपल्या पद्धतीने सगळी पॅकेजं एकाच ठिकाणी घातली. पण आता जग काट्यावरचं राहिलं नव्हतं. चित्र वाचणाऱ्या पॅकेजला आकडेमोडीचं पॅकेज लागायचं, ते घातलं की तिसऱ्याला ते नको असायचं, त्याला जुनं हवं असायचं. जुनं घातलं की पहिलं अडायचं. रविवारी संध्याकाळपर्यंत लॅपटॉपवर लाल अक्षरांशिवाय काही उमटेना. सोमवारी गौरवी तो तसाच कॉलेजात घेऊन गेली आणि संध्याकाळी चालू करून घेऊन आली.

"मॅमान पंधरा मिनटांनी केलो," ती म्हणाली. आणि मग अगदी निरागसपणे, "मॅम हांसल्यो. म्हणल्यो, गो हातूंत कितें कितें भरलां तुज्या पप्पान!"

गौरवीला वाटलं, आपण गंमत सांगतोय. गुरुदासही हसला. मग उठून मागीलदारी गेला आणि माडाच्या आळ्यात बादलीभर पाणी ओतून आला. माडाला सकाळीच पाणी घालून झालं होतं.

पुढे एकदाच त्याची मॅमशी गाठ पडली, कॉलेजात पालकांना बोलावलं होतं तेव्हा. बाई खरोखर चांगली होती, आणि हेच तर दुखणं होतं. उद्धट असती तर तिला नावं ठेवून मोकळं होता आलं असतं. ती उठून उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, "काका, गौरवीची यादी मी सगळ्या वर्गाला दाखवते. असं नेटकं काम माझ्याकडे दुसऱ्या कुणाचं नाही." मुलीची एवढी स्तुती! पण गुरुदासच्या कानात शिरला तो 'काका'. सर नाही, काका. परतीच्या बसमध्ये म्हापशापासून पेडण्यापर्यंत तो ते 'काका' चघळत बसला.

प्रोजेक्टची तोंडी परीक्षा एका सोमवारी होती. आदल्या शनिवारी दुपारी गौरवी मावशीकडे गेली होती, शालिनी शेजारी पापड लाटायला, आणि लॅपटॉप मेजावर उघडाच होता. गुरुदास चहाचा कप घेऊन आला. पडद्यावर एक छोटी फाइल दिसत होती. अकरा ओळी. प्रत्येक ओळीत एका पॅकेजचं नाव, मग बरोबरची दोन चिन्हं, मग आकडा. हीच ती यादी. वर्गाला दाखवायची यादी.

त्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली. चांगली होती. त्याने स्वतः केली असती तर त्याला तिचा अभिमान वाटला असता. मग तो कप खाली ठेवून खुर्चीवर बसला, आणि त्याने एकेका ओळीतला आकडा पुसायला सुरुवात केली. नावं ठेवली, आकडे घालवले. याचा अर्थ काय होतो हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. आकडा नसला की मशीन आज मिळेल ते सगळ्यात नवं आणून बसवतं, आणि नव्याचं जुन्याशी पटत नाही. ज्या माणसाने बारा वर्षं चालत्या मशीनला बोट लावलं नाही, तोच हे करत होता. काय करतोस, असं त्याने स्वतःला विचारलं नाही असं नाही. विचारलं, आणि उत्तरही तयार होतं. संध्याकाळी प्रोग्राम अडेल. शनिवार आहे, मॅम मयेला घरी. गौरवी घाबरून हाक मारेल, पप्पा! मग आपण जाऊ, थोडं बघितल्यासारखं करू, आकडे परत घालू, आणि चालू करून देऊ. बस, एवढंच हवं होतं त्याला. एक हाक.

त्याने फाइल साठवली, कप विसळला आणि दारापुढच्या बाल्कांवात जाऊन बसला.

संध्याकाळी गौरवी आली, लॅपटॉपवर बसली. गुरुदास कान टवकारून होता. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आतून आवाज आला, "आई, पळय, चवतीस! मोजून पळय, बरोबर चवतीस नारळ आसात!" काही म्हणता काही अडलं नव्हतं. रविवारी सकाळीही चाललं, दुपारीही चाललं. गुरुदास चक्रावला. त्याला वाटलं होतं, यादी बदलली की प्रोग्राम तिथल्या तिथे बसणार. यादी ही फक्त नवी चूल मांडताना लागते, मांडलेल्या चुलीला तिची गरज नसते, हे त्या सोमवारी गौरवीने सांगितलं होतं. पण तेव्हा तो ताक मागत होता. आता त्याला एकीकडून हायसं वाटलं आणि दुसरीकडून रागही आला, की या बाईच्या मांडणीवर आपली लबाडीसुद्धा चालत नाही!

रविवारी संध्याकाळी गौरवीने पेनड्राइव्ह दप्तरात टाकला. "लॅपटॉप व्हरपाचो ना," ती आईला सांगत होती. "गेल्या वर्सा एकल्यान चलता म्हूण व्हिडिओच दाखयलो, म्हूण आता कोणाचोच लॅपटॉप भितर घेनात. कॉलेजीच्या मशीनार यादी दिवन सगळें नव्यान बसोवंक जाय. परीक्षकांक तेंच पळोवंक जाय."

नव्याने. आत्ता कुठे गुरुदासला सगळं कळलं. उद्या म्हापशाला, बाहेरच्या परीक्षकांसमोर, ती आकडे नसलेली यादी मशीनला देणार. दप्तर समोर खुर्चीवर होतं. अकराही आकडे त्याच्या डोक्यात होते, एकही सांडला नव्हता. नुसतं म्हणायचं होतं, गौरवी, हाड तो पेनड्राइव्ह, माझ्याकडून एक चूक झाली आहे. त्याने तोंड उघडलंही.

"गौरवी..."

"कितें पप्पा?"

"फाल्या भियेवंक नाका."

"भिरांत कित्याची?" ती हसली. "मॅम आसात न्हय थंय."

झालं. तोंडाशी आलेलं त्याने परत गिळलं. आहे ना तुझी मॅम? मग बघून घेईल तीच. असं तो मनात म्हणाला, आणि म्हणताना त्याला गोडही वाटलं. ही गोष्ट पुढे कितीही दिवस गेले तरी तो विसरणार नव्हता, की त्याला त्या क्षणी गोड वाटलं होतं.

सोमवारी गौरवी सकाळच्या बसने गेली. गुरुदास शाळेत गेला, हजेरी घेतली, मुलांना काम दिलं, पण लक्ष सगळं खिशातल्या फोनकडे. सव्वाअकराला तो वाजला.

"पप्पा, प्रोग्राम बसना!" गौरवी रडायच्या बेतात होती. "यादींतले आंकडेच ना! सगळें नवें येवन बसलां, आनी म्हजें नारळ मोजपाचें मॉडेल नव्यांत उगडनाच. मॅमांकडेन आसा ती जानेवारीची यादी, ती जुळना. दोन वाजतां परीक्षक येतात. पप्पा, तुमी रोखडेच घरा वचात, लॅपटॉप उगडात, हांव एक कमांड सांगतां, ती मारल्यार आंकडे दिसतले. माका सांगात. प्लीज पप्पा!"

शाळेतून घर स्कूटरवर वीस मिनिटं. स्कूटर बाहेरच उभी होती. घरी जाऊन, लॅपटॉप उघडून, पडद्यावरचं वाचून दाखवलं असतं तर जन्मात कुणाला पत्ता लागला नसता. पण पोर फोनवर हुंदके देत होती, आणि ती हुंदके देत होती ती पप्पांकडे. जवळ मॅम उभी असताना. गुरुदासची अक्कल तिथेच गहाण पडली.

"घरा वचपाची गरज ना," तो म्हणाला. "पेन घे. बरय. नम्पाय, एक, सव्वीस, चार."

आणि तो एकेका पॅकेजचं नाव आणि त्याचा आकडा सांगत गेला. खाणीवर ट्रकांची वजनं सांगायचा तसाच, न अडखळता, एकामागून एक. पलीकडे गौरवी तो आकडा मोठ्याने पुन्हा म्हणायची आणि कीबोर्डचा आवाज यायचा. मॅम टाइप करत होती. तो सांगत होता आणि मॅम टाइप करत होती! अकरावा आकडा झाला. मग दोन-तीन मिनिटं पॅकेजं बसायची वाट, आणि मग गौरवीची किंकाळी, "चल्लें! पप्पा, चल्लें!" फोन बंद झाला.

गुरुदास लॅबमधून बाहेर आला तो दोन इंच उंच होऊन. गणिताचे जयराम सर समोर भेटले. त्यांना त्याने सगळी हकिगत सांगितली, पोरीचा फोन, मॅम हतबल, आपण इथल्या इथे आकडे सांगितले, दोन मिनिटांत चालू. पुसायचा भाग सोडून सगळं. जयराम सर भला माणूस, मनापासून खूश झाले. "शाबास रे गुरुदास!" म्हणाले. मग चष्मा पुसता पुसता त्यांनी सहज विचारलं, "पूण तिच्या यादींतले आंकडे तुका पाठ कशे रे?"

जयराम सर उत्तराची वाट न बघता वर्गात गेलेही. गुरुदास व्हरांड्यात उभा राहिला. जे जयराम सरांना चष्मा पुसताना सुचलं, ते गौरवीला सुचायला किती वेळ लागेल? शनिवारी जिवंत असलेले आकडे आज नाहीत. लॅपटॉपपाशी बसणारी माणसं घरात दोन. आणि त्यातल्या एकाला ते अकराच्या अकरा तोंडपाठ. दुपारचा डबा त्याने उघडलाच नाही.

साडेपाचच्या बसला तो पेडण्याच्या स्टँडवर स्कूटर घेऊन उभा होता. काय बोलायचं ते त्याने तीनदा जुळवलं होतं आणि तीनदा मोडलं होतं. गौरवी उतरली. "बरें जालें?" त्याने विचारलं. "जालें," ती म्हणाली आणि मागे बसली. अर्ध्या वाटेवर, काजूच्या बागा लागतात तिथे, ती म्हणाली, "पप्पा, रावयात."

त्याने स्कूटर कडेला घेतली. ती उतरून समोर येऊन उभी राहिली. रडलेली होती, पण ते दुपारचं रडणं होतं, आता डोळे कोरडे होते.

"आंकडे तुमी पुसले?"

खोटं बोलायची त्याला हिंमत झाली नाही. "हय."

"कित्या?"

याचं उत्तर त्याच्याकडे शनिवारी तयार होतं. आता ते तोंडातून काढताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तूं माका विचारशी म्हूण. आता तूं माका कांयच विचारिना गो."

गौरवी म्हणाली, "मॅमान विचारलें, आंकडे कोणे काडले म्हूण. परीक्षकांमुखार. हांवें सांगलें, फायल साफ करतना म्हज्याच हातान गेले. आनी मागीर दुसरे फावट विचारलें, मगीर तुज्या पप्पाक पाठ कशे? हांवें म्हणलें, हांव घरांत मोठ्यान वाचतां, तांकां आयकून पाठ जाले."

"आनी? मॅम कितें म्हणली?"

"कांय ना. यादीचे मार्क कापले. आनी म्हणल्यो, तुजेकडल्यान हें चिंतूंक नाशिल्लें." तिने दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "दोन वर्सां जालीं पप्पा. मॅमांकडेन हांव आज पयलेच खेपे फट उलयलें."

गुरुदासला जे हवं होतं ते मिळालं होतं. मॅम एका बाजूला आणि बाप एका बाजूला उभा असताना मुलीने खोटं बोलून बापाला निवडलं होतं. दोन वर्षं तो यासाठीच जळला होता. आता ते हातात आलं आणि त्याला ते कुठे ठेवावं कळेना.

"हांव मॅमांक फोन करतां," तो घाईघाईने म्हणाला. "सगळें सांगतां. म्हजी चूक म्हणतां."

"नाका," गौरवी म्हणाली. "मगीर हांव त्यांच्यामुखार फटकिरें थारतलें. रावूं द्या."

ती पुन्हा मागे बसली. एरवी ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसायची. त्या दिवशी तिने मागची लोखंडी कांब धरली. पुढे उतार आला, खड्डे आले, वळणाला स्कूटर चांगलीच कलली, पण घर येईपर्यंत तिने कांब सोडली नाही.